जॅझ घडणीची चार तारांची बास गिटार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बँडमध्ये दोन इलेक्ट्रिक गिटार, एक ड्रमसेट आणि एक गायक आहे, आणि बास (खालचे, जाड स्वर देणारी गिटार) वाजवणारे कोणीच टिकत नसल्यामुळे ती जबाबदारी अखेर माझ्यावर आली. (गायकाने ‘आता बास’ म्हटले की तो वाद्य मागतो आहे की थांबायला सांगतो आहे, हे आमच्याकडे अजूनही नीट ठरलेले नाही.) आठ महिन्यांपूर्वी मी जॅझ बासच्या घडणीची, चार तारांची, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेली) गिटार घेतली. लिओ फेंडर यांच्या कंपनीने ही घडण १९६० मध्ये आणली आणि पुढे ती इतक्या कंपन्यांनी उचलली की येथे लिहिलेले बरेचसे कोणत्याही नावाच्या जॅझ बासला लागू पडावे. वाद्य चांगले आहे. ते चांगले आहे हे कळायला मात्र मला दीड महिना लागला, कारण तोवर त्याचा सेटअपच, म्हणजे दांड्याचा वाक, तारांची उंची आणि सूर यांची जुळवणीच, झालेला नव्हता.

घेण्यापूर्वी ओळखीच्यांकडून तीन प्रकारच्या गिटारी मागून आणल्या आणि तिन्ही सरावाच्या खोलीत संपूर्ण बँडबरोबर वाजवून, दूरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. हे करावेच, असे मी प्रत्येकाला सांगेन, कारण एकट्याने ऐकताना मोहात पाडणारा आवाज बँडमध्ये बसेलच असे नाही. पाच तारांच्या ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) गिटारीची खालची बी तार साधारण ३१ हर्ट्झपर्यंत उतरते, परंतु आमच्या छोट्या खोलीत ती ड्रमच्या किकमध्ये (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यात) मिसळून नुसती घुमत राहिली. शिवाय ॲक्टिव्ह गिटारीत केबल लावून ठेवली की आतली ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते, हे माझ्यासारख्या विसराळू माणसाला परवडणारे नाही. प्रिसिजन बासच्या (फेंडरच्याच दुसऱ्या) घडणीची गिटार ध्वनिमुद्रणात सर्वांत ठळक ऐकू आली, आणि ज्यांच्या बँडमध्ये गिटारींवर सतत भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) असते त्यांनी फारसा विचार न करता तीच घ्यावी. मी जॅझकडे वळलो त्याची कारणे दोन. तिचा नेक (दांडा) नटापाशी, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीवरून तारा जातात तिथे, सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे बराच अरुंद असतो आणि माझी बोटे आखूड आहेत. आणि दोन पिकअपांमुळे (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी साधनांमुळे) आमच्या संथ व जलद अशा दोन्ही गाण्यांना वेगवेगळा आवाज मिळतो.

या दुसऱ्या सोयीची एक गोम आहे. दोन्ही पिकअपांचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की आवाज गोड आणि स्वच्छ येतो व घरी ऐकताना तोच सर्वांत आवडतो. पण तारेच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून आलेले संकेत एकमेकांत मिसळताना मधल्या पट्टीतला काही भाग खाल्ला जातो आणि नेमक्या त्याच पट्टीत बास श्रोत्यांपर्यंत पोहोचत असते. त्यामुळे पहिल्या सरावात मी वाजवतो आहे की नाही, असे ड्रमरने खरोखरच विचारले. ब्रिजजवळच्या (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या पट्टीजवळच्या) पिकअपचा व्हॉल्यूम थोडा खाली आणताच बास पुन्हा वर आली, परंतु त्याबरोबर बारीक गुणगुणही सुरू झाली. या गिटारीतले दोन सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेले) पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि दोन्ही सारख्या पातळीवर असतील तेव्हाच गुणगुण पूर्णपणे कापली जाते. गाणे सुरू असताना ती ऐकू येत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये येते, आणि तेव्हा मी दोन्ही व्हॉल्यूम बंद करतो.

आता सेटअपविषयी. गिटार हाती आली तेव्हा सतराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सर्वांत जाड अशा ई तारेची उंची तब्बल ४ मिलिमीटर होती, आणि तासाभराच्या सरावानंतर डाव्या हाताचा अंगठा भरून येई. माझी पहिली चूक अशी की मी थेट ब्रिजवरची सॅडल (प्रत्येक तारेचा टेकू) खाली केली. तारा खाली आल्या, पण वरच्या फ्रेटवर खडखडू लागल्या आणि खालच्या फ्रेटवर कडकपणा तसाच राहिला. दोष नेकच्या वाकण्यात होता. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून व शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतील फट पाहिली, तर तिथे दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवून आरामात सरकत होती. ही फट साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एका कार्डाएवढी पुरते. तारा थोड्या सैल करून ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) पाव फेरा घट्ट केला, पुन्हा सूर लावला, एक रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा दिला. येथे घाई करू नये, आणि ॲलन की (षटकोनी चावी) नेमक्या मापाची नसेल तर रॉडला हातही लावू नये, कारण आतले कोपरे एकदा घासले गेले की दुरुस्ती नेकपर्यंत जाते.

नेक सरळ झाल्यावर मगच सॅडल हलवली आणि सतराव्या फ्रेटवर ई तार २.८ व सर्वांत बारीक जी तार २.४ मिलिमीटरवर आणली. बोटांनी जोरात वाजवणाऱ्याला याहून खाली जाण्यात अर्थ नाही. तरीही पहिल्या फ्रेटवरचा प्रत्येक स्वर ट्यूनरवर चढा दिसत होता. याचे कारण नटाच्या खाचा उथळ होत्या. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर ती जेमतेम अधांतरी राहायला हवी, आणि माझ्या गिटारीत तिथे ठळक फट होती. खाच एकदा जास्त खोल झाली तर नट बदलावाच लागतो, म्हणून हे काम मात्र मी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवले, आणि या घडणीच्या गिटारीवर सर्वाधिक सार्थकी लागलेला खर्च तोच ठरला.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर राहील अशी जुळवणी, शेवटी लावले. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तोच फ्रेट दाबून वाजवलेला स्वर जुळवून पाहायचा, दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचे आणि उतरता असेल तर पुढे आणायचे. पिकअपांची उंची आपल्याला ऐकू येईल तशी ठेवावी. फक्त ते तारांना फार चिकटवू नयेत, कारण चुंबकाच्या ओढीने जाड तारेचा स्वर डळमळतो.

सोबत आलेल्या ४५ ते १०५ मापाच्या (जाडी इंचाच्या हजारांशात) राउंडवाउंड, म्हणजे गोल वायर गुंडाळलेल्या, तारा मी दोन महिन्यांनी काढून चपटी वायर गुंडाळलेल्या गुळगुळीत फ्लॅटवाउंड चढवल्या. बासवादक जेम्स जेमर्सन यांनी मोटाउन या अमेरिकन संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवलेल्या प्रिसिजन बासवर फ्लॅटवाउंडच असत, आणि तो गोल, थोडा मिटलेला आवाज आमच्या संथ गाण्यांना फार शोभतो. या तारांचा ताण अधिक असल्याने नेक पुन्हा किंचित पुढे आला व वरचा सगळा खटाटोप त्याच क्रमाने दुसऱ्यांदा करावा लागला.

तक्रारी दोन आहेत. केबल लावण्याच्या जॅकचा नट (हा नट-बोल्टातला) मुळातच सैल बसवलेला होता. एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो फिरला, आतली वायर तुटली आणि उरलेला कार्यक्रम बासविना झाला. नवे वाद्य आणल्या दिवशीच हा नट पान्याने आवळावा. दुसरी तक्रार सेटअपने सुटणारी नाही. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प इतर स्वरांच्या निम्माही टिकत नाही, कारण त्या स्वराला नेक स्वतःच कंप पावून तारेची शक्ती शोषून घेतो. अशी मुकी जागा या घडणीत पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास पुष्कळदा सापडते. तेव्हा घेण्यापूर्वी तिथला एकेक स्वर लांबवून ऐकावा, आणि एकाच मॉडेलच्या दोन गिटारी समोर असतील तर त्यावरूनच निवड करावी. मी तसे केले नव्हते. आमच्या एका गाण्याचा अंतरा नेमका त्याच सी शार्पवर चार मात्रा थांबतो, म्हणून तो स्वर मी आता डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घेतो, आणि त्या उडीसाठी हात वेळेवर निघावा म्हणून आधीची मात्रा मोकळ्या तारेवर वाजवतो.