व्हीएम नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्यात, फोल्डर उचलू का ओव्हीए काढू?

लातूरला आमच्या ओळखीच्या एका आडत दुकानातला कॉम्प्युटर पार थकला होता, लाइट वरखाली झाली की बंद, मधीच आपोआप रीस्टार्ट, म्हणून मालकानं एकदाचा नवा बोर्ड, एएमडीचा रायझन प्रोसेसर आन एनव्हीएमई डिस्क घेतली, कॅबिनेट तेवढं जुनंच ठेवलं. आत व्हर्च्युअलबॉक्समधी (कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) तीन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एक एक्सपी, त्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायचं जुनं सॉफ्टवेअर (ज्यानं बनवलं तो माणूस आता फोनच उचलत नाही). दुसरी विंडोज 10, टॅलीसाठी. तिसरी उबुंटू, मालकाच्या पोरानं शिकायला टाकलेली. तेव्हापासून दोघा-तिघांनी हेच विचारलंय की फोल्डर कॉपी करावं का एक्स्पोर्ट (म्हणजे आख्ख्या व्हीएमची एकच ओव्हीए फाइल काढणं), म्हणून एकदाच सगळं लिहायलोय.

फोल्डरवाला रस्ता आधी. युजरच्या फोल्डरमधी 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' म्हणून फोल्डर असतं, त्यात प्रत्येक व्हीएमचं आपलं वेगळं. ते आख्खं उचलायचं, नव्यावर ठेवायचं, मशीन मेनूत 'ॲड' दाबून डॉट व्हीबॉक्स फाइल दाखवायची, झालं. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या-त्या वेळची जपून ठेवलेली अवस्था), सेटिंग, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर), सगळं जसंच्या तसं येतं. आख्खं म्हणजे आख्खं हां. मी पहिल्यांदा शहाणपणा केला, म्हणलं मोठी व्हीडीआय फाइल (व्हीएमची डिस्क) तेवढी घेऊ, बाकीचं काय किरकोळ दिसायलंय. नव्यावर नवीन व्हीएम करून ती डिस्क जोडली, एक्सपी झकास चालू झाली, मालक खुश, आन मग त्यांनी पट्ट्या उघडल्या तर यंदाच्या सोयाबीनची एकबी पट्टी नाही! घाम फुटला. गोष्ट अशी की स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय तिथंच गोठते आन त्याच्या पुढचं सगळं 'स्नॅपशॉट्स' नावाच्या पोटफोल्डरमधल्या फायलींत लिहिलं जातं. मी ते पोटफोल्डर जुन्यावरच ठेवून आलो होतो. जुनी डिस्क फॉरमॅट केली नव्हती म्हणून वाचलो, नाहीतर आडत्याच्या दुकानासमोरून जाणं अवघड झालं असतं.

आता ओव्हीए. फाइल मेनूतनं 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' केलं की एका व्हीएमची एकच फाइल निघते, ती आतनं टार (फायलींचं गाठोडं) असते, त्यात सेटिंगचं वर्णन आन दाबून बसवलेली व्हीएमडीके डिस्क. दाबल्यामुळं जागा कमी लागते, एकच फाइल म्हणून सांभाळायला सोपी, आन उद्या व्हीएमवेअरमधी (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) जायचं म्हणलं तर तिथंबी उघडते. कधी कधी व्हीएमवेअर इम्पोर्ट करताना कुरकुर करतं, तिथं 'रिट्राय' दाबलं की बहुतेक वेळा पुढं जातं. पण तोटा मोठा आहे, स्नॅपशॉट येत नाहीत, आत्ता व्हीएम जशी आहे तेवढीच येते. पोराच्या उबुंटूत सात-आठ स्नॅपशॉट होते, प्रयोग फसला की मागं जायला, त्याला ओव्हीए म्हणजे सगळी शिडी काढून घेतल्यासारखं. शिवाय दाबायला वेळ लागतो, प्रोसेसर जुना असला तर चहा पिऊन, बाजारात चक्कर मारून आलं तरी चालूच.

म्हणून माझं सरळ मत, हलवायला फोल्डर, सांभाळून ठेवायला ओव्हीए. एक्सपीचं मी दोन्ही केलं, फोल्डर नव्यावर गेलं आन ओव्हीए एका जुन्या बाहेरच्या डिस्कवर काढून मालकाच्या कपाटात. एक्सपीचा सपोर्ट 2014 लाच संपलाय, त्यामुळं तिची नेटवर्क केबलची टिक काढून टाकली, पट्ट्या काढायला नेट कशाला पाहिजे. विंडोज 10 चा बी सपोर्ट ऑक्टोबर 2025 मधी संपला, पण टॅलीला नेट लागतं, तिथं काही इलाज नाही, पुढंमागं 11 वर जावंच लागंल.

जुनं मशीन चालूच होत नसंल तर निवडायचं काही राहतच नाही. डिस्क काढा, साटा ते यूएसबी केस मिळते ती लावा, फोल्डर उचला. एक्स्पोर्ट करायला चालू व्हर्च्युअलबॉक्स लागतं, ते तर मेलंय. आख्ख्या जुन्या विंडोजची इमेज घेऊन नव्या बोर्डवर टाकायचा सल्ला देणारे भेटतील, माझ्या मते नको, जुन्या ड्रायव्हरचा सगळा कचरा सोबत येतो.

कोणताबी रस्ता घ्या, व्हीएम आतनं नीट शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' करून नेऊ नका, खास करून इंटेलवरनं एएमडीवर चालला असाल तर, झोपवलेली व्हीएम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर उठत नाही. टॅलीचं लायसन्स आधी जुन्यावरच सरेंडर करा. आन पेन ड्राइव्ह फॅट32 असंल तर 4 जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही, जागा 64 जीबी मोकळी दिसली तरी, एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. कॉपी चालू असताना आमच्याकडं लाइट गेली होती, यूपीएस काय चार मिनिटांचा सोबती, तेव्हापासून मी दोन्हीकडं शा256 हॅश (फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा) काढून जुळवतो, विंडोजमधी सर्टयुटिल आधीच असतं, वेगळं काही टाकायला लागत नाही.

नव्यावर गेल्यावर पहिला एरर बहुतेक हाच येईल की एएमडी-व्ही (व्हीएम चालवायला लागणारी प्रोसेसरची सोय) बंद आहे. व्हीएममधी काही बिघडलेलं नसतं, बायोसमधी जाऊन एसव्हीएम मोड चालू करा. इंटेल असंल तर व्हीटी-एक्स. ब्रिज्ड नेटवर्क (व्हीएम कार्डातनं थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडलेली) ठेवलं असंल तर नवं कार्ड निवडायला सांगंल, ते निवडून द्या. शेअर्ड फोल्डरचे रस्ते बी बघा, जुना डी ड्राइव्ह आता ई झालेला असतो. सगळं चालूनबी व्हीएम लई हळू वाटली तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा, दिसलं म्हणजे मागनं विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, चालू आहे आन व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या खांद्यावर बसून चालायलंय.

मग हायपर-व्हीच वापरावं का? प्रो विंडोज असंल तर वापरता येतं, होममधी नाही. आडत्याकडं होम होती, विषय तिथंच मिटला. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून सगळ्यांना फुकट आहे, चांगलं बी आहे, पण कॉम्प्युटर बदलायलाच लागलाय तर त्याच दिवशी सॉफ्टवेअर पण बदलायचं म्हणजे काही बिघडलं की कुणाकडं बोट दाखवायचं कळत नाही. ते पुढच्या दिवाळीला बघू.

जुनी डिस्क अजून माझ्याकडंच आहे, वरनं चिकटपट्टी लावून 'पट्ट्या, पुसू नये' लिहून ठेवलीय. आडत्याचा एक हंगाम नव्यावर पार पडला की देऊन टाकीन.