युरो संकटावरची रविवारची व्याख्यानं, ट्यूशन एरिया, लातूर: शिकवणं उत्तम, शेवटचं पान चुकीचं

आधी निकाल सांगतो. फी वसूल होते, जरूर जा. पण हातात मिळणाऱ्या नोट्सच्या शेवटच्या पानावर विसंबून परीक्षेत उत्तर लिहू नका.

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका अभ्यासिकेने राज्यसेवा आणि यूपीएससी करणाऱ्या मुलांसाठी रविवारची व्याख्यानं सुरू केली आहेत. विषय एकच: युरोचं कर्जसंकट आणि त्याचा भार कोणी उचलला. बाहेरच्यांनाही बसू देतात. फी सहाशे रुपये, छापील नोट्स त्यातच. माझी भाची राज्यसेवेचा अभ्यास करते, तिच्यासोबत मीही नाव घातलं. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाखांत, आणि त्यातला मोठा काळ वसुलीत. त्यामुळे कर्ज बुडतं तेव्हा शेवटी कोणाच्या खिशातून जातं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

हॉल दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा, दोन कूलर. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे आणि माइक चालतात, प्रोजेक्टर चालत नाही. प्रोजेक्टर तसाही फिका आहे, आकडे वाचायचे असतील तर पुढच्या रांगा धरा. पिण्याचं पाणी आहे, चहा खाली टपरीवर. एवढं पुरे.

शिकवणारे सर तरुण आहेत, आणि शिकवतात फार चांगलं. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारापासून ते सुरुवात करतात. एका देशाचं कर्ज दुसऱ्या देशाने अंगावर घ्यायचं नाही, असं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. १९९९ मध्ये युरो आला, २००१ मध्ये ग्रीस त्यात शिरला, २००२ पासून नोटा हातात खेळू लागल्या. ग्रीसचं सरकार जवळपास जर्मनीच्याच व्याजदराने पैसा उचलू लागलं आणि देणाऱ्यांनी डोळे झाकून दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे नवं सरकार आलं आणि त्याने सांगितलं की तूट आधी दाखवल्याच्या दुपटीहून मोठी आहे, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साडेबारा टक्क्यांच्या आसपास. हिशेब पक्का झाला तेव्हा ती पंधरा टक्क्यांच्या वर निघाली. हे सगळं सर फळ्यावर एकाच आकृतीत मांडतात आणि मागच्या बाकावरच्या पोरालाही ते कळतं.

सगळ्यात आवडला तो हाली सिक्क्याचा तास. मराठवाड्यातल्या मुलांना युरो समजावून सांगायला याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही. निजामाच्या राज्यात आपलं चलन वेगळं होतं, सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी राज्यातले सहा कलदार रुपये. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही हाली काही वर्षं चालत राहिला आणि १९५९ मध्ये कायमचा गेला. म्हणजे आपणही एका मोठ्या चलनात सामील झालेलो माणसं आहोत. पण रुपयासोबत आपल्याला एक तिजोरीही मिळाली. ग्रीसला नाणं सामाईक मिळालं, तिजोरी ज्याची त्याची राहिली. युरोपीय संघाचं सगळं अंदाजपत्रक सभासद देशांच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. त्यातून कोणाचा दुष्काळ निघणार?

इथे सरांनी व्यवसाय कराचं उदाहरण दिलं, तेव्हा मी मनातून दाद दिली. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडायला गेली, ती कामं पुढे कायद्यात बसली आणि त्यांची मजुरी मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातूनही येऊ लागली. पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, ते हेच. मुंबईच्या कारकुनाला कोणी विचारलं नाही की औशाच्या शेतकऱ्याने विहीर खोल का घेतली नाही. एकाच चलनात राहायचं तर असं काहीतरी लागतं, आणि युरोपने ते केलेलं नव्हतं.

आता शेवटच्या पानाकडे येतो. नोट्समध्ये चौकट टाकून ठळक छापलंय: ‘ग्रीसच्या उधळपट्टीचा भार जर्मन करदात्याने उचलला.’ हे वाक्य पाठ करून मुलं परीक्षेला जाणार, आणि हे वाक्य बरोबर नाही.

मागून एका मुलीने विचारलंही, “सर, मग एवढा पैसा ग्रीसमध्ये जाऊन त्यांची पेन्शन का कापली?” सरांनी सांगितलं की खर्चच तेवढा होता. प्रश्न लाखमोलाचा होता, उत्तर तोकडं पडलं.

मार्चअखेरीला आमच्या शाखेत नवं-जुनं कसं व्हायचं ते सांगतो. शेतकरी काउंटरवर यायचा, एका स्लिपवर सही करायचा, नवीन पीककर्ज नावे पडायचं. दुसऱ्या स्लिपवर सही, जुनं कर्ज जमा. दोन्ही स्लिपा एकाच टाचणीत. खतावणीत मोठी उलाढाल दिसायची आणि माणूस मोकळ्या हाताने एसटी स्टँडकडे चालायला लागायचा. थकबाकी आमची कमी झालेली असायची, कर्ज त्याचं तेवढंच, वर व्याज.

ग्रीसला वाचवायला मे २०१० मध्ये दिलेलं ११० अब्ज युरोंचं कर्जाचं पॅकेज याच जातीचं होतं. त्यातले ८० अब्ज युरो वापरणाऱ्या इतर देशांचे, ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. त्यावेळी ग्रीसच्या रोख्यांत, म्हणजे सरकारने कर्ज घेताना दिलेल्या कागदांत, फ्रान्स आणि जर्मनीच्या बँकांचे पैसे मोठ्या प्रमाणावर अडकलेले होते. मुदत भरलेले रोखे या नव्या कर्जातून पूर्ण किमतीला फेडले गेले. बर्लिनच्या ईएसएमटी या संस्थेने २०१६ मध्ये पहिल्या दोन पॅकेजांचा हिशेब काढला: सुमारे २१६ अब्ज युरोंपैकी ग्रीक सरकारच्या रोजच्या खर्चाला दहा अब्जही मिळाले नाहीत, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. उरलेला पैसा जुनी कर्जं, व्याज आणि बँका सावरण्यात गेला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

वसुलीतल्या माणसाला इथली खरी चूक लगेच दिसते. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, म्हणजे पीक बुडालं असं ठरलं, की आमच्याकडे पीककर्जाचं पुनर्गठन आधी होतं, वसुलीचं मागाहून बघतात. ग्रीसच्या कर्जाला कात्री लागली ती थेट मार्च २०१२ मध्ये. खासगी धनकोंनी दर्शनी किमतीच्या साडेत्रेपन्न टक्के सोडले, शंभर अब्जांहून जास्त रक्कम गेली. पण मधल्या दोन वर्षांत ज्यांना निसटायचं होतं ते निसटले होते आणि त्यांच्या जागी युरोपचे सामान्य करदाते येऊन बसले होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेने विकत घेतलेल्या रोख्यांना ही कात्री लागलीच नाही. ग्रीसच्या स्वतःच्या पेन्शन फंडांना मात्र लागली. म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन एकदा सरकारने कापलं आणि त्यांच्या फंडाची पुंजीही गेली, हे वाचताना मला आजही राग येतो.

मग भार कोणी उचलला? फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रीसचं किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांमध्ये निम्म्याहून जास्त. देशाचं उत्पन्न संकटाआधीच्या तुलनेत चौथाईने घटलं, लाखो शिकलेली मुलं देश सोडून गेली. ज्यांनी २००१ ते २००९ मध्ये कर्ज घेतलं त्यांत ही मुलं नव्हती. स्वतःचं चलन असतं तर ते स्वस्त करून थोडा भार सगळ्यांवर पसरवता आला असता. आपण जुलै १९९१ मध्ये रुपया उतरवला तसा. ग्रीसकडे ते हत्यार उरलं नव्हतं, म्हणून मजुरी आणि पेन्शनच खाली आणली गेली.

जर्मनीच्या बाजूने बोलायचं तर ग्रीसच्या सरकारने आकडे खोटे दाखवले आणि धनाढ्यांचा कर वसूल केला नाही, हे खरं आहे. जर्मन माणसाने जोखीम घेतली हेही खरं. पण घाबरलेला पैसा जर्मन रोख्यांकडे धावला, त्यामुळे जर्मनीचं व्याज किती वाचलं याचा अंदाज तिथल्याच हालेच्या अर्थसंशोधन संस्थेने २०१५ मध्ये मांडला: शंभर अब्ज युरोंहून जास्त. चौकटीतल्या वाक्यात या बचतीला जागा नाही.

स्लोव्हाकियाचं तर नावही नोट्समध्ये नाही. तेव्हा ग्रीसपेक्षा सरासरी उत्पन्न कमी असलेला देश. त्याने २०१० मध्ये ग्रीसला कर्ज द्यायला नकार दिला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये युरो देशांचा सामाईक बचाव निधी वाढवण्याच्या मतदानावर तिथलं सरकारच पडलं. आयर्लंडला दोन ओळी, सायप्रसला एक. आयर्लंडमध्ये सरकारने २००८ मध्ये बँकांची हमी घेतली आणि सुमारे ६४ अब्ज युरो जनतेच्या डोक्यावर आले. सायप्रसमध्ये २०१३ मध्ये थेट ठेवीदारांना हात घातला. आधी एक लाख युरोंच्या आतल्या ठेवींवरही पावणेसात टक्के कापायचं ठरलं होतं. संसदेने ते फेटाळलं, मग मोठ्या ठेवीदारांवर आलं. आपल्याकडे पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली माणसं गावोगाव आहेत. या मुलांच्या घरात हा विषय रोजचा आहे. यावर पूर्ण तास हवा होता.

नोट्समधली गोष्ट धनकोंच्या अटींवर ग्रीसने २०१५ मध्ये घेतलेल्या सार्वमतावर आणि दिवसाला साठ युरोंच्या एटीएम मर्यादेवर थांबते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रीस बचाव कर्जाच्या कार्यक्रमातून बाहेर पडला, आणि २०२० मध्ये करोनासाठी युरोपने ७५० अब्ज युरोंचा निधी सामाईक कर्जातून उभारायचं ठरवलं. त्याच्या दहा वर्षं आधी जे जमत नव्हतं ते तेव्हा जमलं. परीक्षेच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि तोच गायब आहे.

व्याख्यान संपल्यावर मी सरांना गाठून हे सगळं बोललो. त्यांनी वही काढून आकडे उतरवून घेतले. “काका, चौकट बदलतो, पुढच्या छपाईत बघा,” म्हणाले. ऐकून घेणारा मास्तर आहे, म्हणून माझा शेरा चांगलाच राहील. पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनी नोट्स घेताना शेवटचं पान आधी उघडून बघा. जुनीच चौकट असेल तर ती खोडा आणि बाजूला त्या मुलीचा प्रश्न लिहून ठेवा. हिशेबासाठी साधं कॅल्क्युलेटर सोबत न्या, मोबाइल दारातच जमा करून घेतात.