हार्डनर न घातलेला ‘टू-के सॅटिन’

लिहायची लाज वाटते. गाडीची पत्र्याची कामं, पुट्टी, ब्लॉक धरून घासणं, सगळं 8 महिने मी स्वतः केलं. म्हणजे मी काही नवखा नाही. फक्त शेवटचा सॅटिन क्लिअर, म्हणजे रंगावरचा कमी चकाकीचा पारदर्शक थर, बाहेरच्या पेंटरला दिला, कारण त्याला बूथ (धूळ न येणारी बंद खोली) लागतो आणि हात बसलेला लागतो. तिथेच नागवला गेलो.

ठरलं होतं ते असं: टू-के (म्हणजे हार्डनर मिसळल्यावरच कडक होणारा, दोन भागांचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सॅटिन क्लिअर 4 लिटर, हार्डनर 2 लिटर, 2 कोट. एकूण रकमेचे 70 टक्के आगाऊ. हो, 70. तुम्ही हसणार, हसा. ‘साहेब, माल ऑर्डरवर मागवावा लागतो’ म्हणाला, आणि ते खोटंही वाटेना. अशा माणसांचं अर्धं बोलणं खरंच असतं. सॅटिनला नंतर पॉलिश करता येत नाही, कचरा बसला तर घासून काढता येत नाही, डाग पडला तर अख्खा पॅनल पुन्हा मारावा लागतो, हे सगळं त्यानेच मला ऐकवलं. आणि याच खऱ्या गोष्टी पुढे करून नंतर माझं तोंड बंद केलं.

आता तो क्षण. आठवला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. संध्याकाळी त्याने फवारायच्या गनच्या कपातला उरलेला माल परत डब्यात ओतला, झाकण ठोकलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा उघडून दरवाजे मारले. मी शेजारी उभा! मनात काय आलं, तर ‘वा, माणूस काटकसरी आहे.’ अहो, हार्डनर पडलेला माल रात्रभरात डब्यात दगड होतो! तो दुसऱ्या दिवशी गनमधून निघतोच कसा? शिवाय तोंडाला नुसता रुमाल. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, त्यापुढे रुमाल कसला टिकतो? ते माहीत असलेला पेंटर मास्कशिवाय गन उचलत नाही. त्याला मास्कची गरज नव्हती, कारण हार्डनरच नव्हता.

गाडी 19 दिवसांनी मिळाली. दिसायला झकास. आणखी 11 दिवसांनी पेट्रोल भरताना झाकणाखाली एक ओघळ आला, पुसला, तर फडक्यावर रंग. घरी थिनरचा बोळा आतल्या कडेला लावला, तर थेट प्रायमर दिसला. पुरता सुकलेला टू-के असा सुटत नाही. ही परीक्षा शेवटचा हप्ता देण्याआधी करा, बोनेटच्या आतल्या बाजूला. आणि डब्यांची सीलं स्वतः फोडा.

त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, ‘तुम्ही चुकीचा शाम्पू वापरला.’ वर तो डाग पॉलिशने घासला. आता तिथे तळहाताएवढा चकचकीत चट्टा आहे.

ग्राहक तक्रार कक्षात बिल मागितलं. बिलावर फक्त ‘फुल बॉडी पेंट’. टू-के नाही, सॅटिन नाही, हार्डनर नाही. (सगळं लिहून घ्या, डब्यावरच्या बॅच नंबरसकट. मी घेतलं नाही, कारण ‘विश्वासाचा माणूस’ होता.) पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. परत कक्षात, तर म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ कोण? त्यांना माहीत नाही. मी विचारलं, चकाकी मोजायचं मीटर असतं, 60 अंशातून मोजतात, मागवता का? साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फसवणूक करायला आलोय. वर सल्ला: ‘चमक कमी हवी होती ना? मग कमीच आहे की!’ तीन टेबलं, तीच कहाणी तीनदा, आणि प्रत्येक वेळी बिलाची नवी झेरॉक्स. चौथ्यांदा गेलो तर पहिल्या टेबलावरच्याची बदली झालेली, आणि फाइल कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

यावर नवा टू-के मारताही येत नाही, खालचा कच्चा थर सुरकुतून उठतो. त्यामुळे सध्या सगळं खरवडतोय. 180 नंबरचा सँडपेपर दोन हात फिरवताच भरतो, रंग रबरासारखा गोळा होऊन चिकटतो. पीयू असता तर कोरडी पूड निघाली असती.