महिनाभर एकट्याने राहायचे तर को समुई की को फांगान?

थायलंडच्या आखातातील को समुई आणि को फांगान ही दोन बेटे एकमेकांपासून बोटीने साधारण अर्ध्या तासावर आहेत. दोन्ही सूरत थानी प्रांतात मोडतात आणि दोन्हींवर वर्षातील बहुतेक महिने जगभरच्या पर्यटकांची वर्दळ असते. आठवड्याभराच्या सहलीत दोन्ही पाहून होतात, त्यामुळे तेवढ्या मुदतीसाठी निवडीचा प्रश्न फारसा गंभीर नाही. एकट्याने किंवा एकटीने महिना-दीड महिना राहायचे ठरवले की मात्र समुद्र किती निळा आहे यापेक्षा बाजारहाट कशी होणार, ताप आला तर दवाखाना किती दूर आहे, रात्री खोलीवर कसे परतायचे आणि दिवसभरात दोन शब्द बोलायला कोण भेटणार, या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. या आढाव्यात दोन्ही बेटांची तुलना याच अंगाने केली आहे.

माझे मत आधीच सांगतो. हा निर्णय वयावर किंवा खर्चावर जितका अवलंबून आहे, त्याहून अधिक तो एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे: आपण चढउताराच्या, वळणावळणाच्या रस्त्यावर दुचाकी आत्मविश्वासाने आणि कायदेशीर परवान्यासह चालवू शकता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर समुईच्या उत्तर किनाऱ्यावरील मेनाम किंवा बोपुट या गावांत राहावे. उत्तर ‘हो’ असेल आणि माणसांची सोबत हवी असेल, तर फांगानचा गंभीरपणे विचार करावा.

दुचाकी आणि रस्ते

समुई हे फुकेतनंतर थायलंडचे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२८ चौरस किलोमीटर असून त्याला वळसा घालणारा मुख्य रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा आहे. या रस्त्यावर दिवसा सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाके बसवलेल्या सामायिक गाड्या, ठरलेल्या मार्गांनी फिरत असतात, आणि नाथोन, मेनाम, बोपुट, चावेंग, लमाई ही गावे त्यांनी जोडलेली आहेत. अंधार पडल्यावर याच गाड्या भाड्याच्या टॅक्सीसारख्या वागतात आणि दर वाढतात, म्हणून चढण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे लागते. ग्रॅबसारखी ॲपवरची सेवाही समुईवर मिळते. स्वतःचे वाहन नसलेल्या माणसाचे महिनाभर तिथे चालून जाते, थोडे महाग पडले तरी.

फांगानवर तसे नाही. हे बेट समुईच्या निम्म्याहून थोडेसेच मोठे, सुमारे १२५ चौरस किलोमीटरचे आहे, परंतु त्याचा मधला भाग डोंगराळ व जंगलाने झाकलेला आहे, आणि खाओ रा हा त्याचा सर्वांत उंच डोंगर ६०० मीटरहून अधिक उंच आहे. थोंग साला हे बंदराचे गाव आणि पश्चिम किनाऱ्याची पट्टी सपाट आहे. पण बान ताईहून हाद रिनकडे जाणारा रस्ता तीव्र चढउतारांचा आहे आणि तिथे नवख्या चालकांचे अपघात नेहमीचे आहेत. बेटावरील पर्यटकांमध्ये गुडघा-कोपराला पट्टी बांधलेले लोक इतके दिसतात, की हा धोका कुणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सामायिक टॅक्सी मिळतात, पण एकट्या प्रवाशाला प्रत्येक फेरीचे भाडे जड जाते आणि गाडी भरेपर्यंत थांबावेही लागते. त्यामुळे दुचाकीशिवाय फांगानवर राहणारा माणूस हळूहळू आपल्याच किनाऱ्यावर अडकून पडतो.

परवान्याबाबत हयगय करू नये. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि त्यात दुचाकीचा प्रवर्ग नमूद असायला हवा. केवळ चारचाकीचा परवाना असताना स्कूटर चालवली आणि अपघात झाला, तर प्रवासविमा दावा नाकारू शकतो. भाड्याने स्कूटर घेताना पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नये. त्याऐवजी रोख अनामत देण्याची तयारी दाखवावी, आणि गाडीवर आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोर काढून ठेवावेत.

दवाखाना आणि इतर सोयी

या बाबतीत समुई स्पष्टपणे पुढे आहे. नाथोन येथे सरकारी रुग्णालय आहे, त्याशिवाय अनेक खासगी रुग्णालये आहेत, मोठ्या सुपरमार्केटची दुकाने आहेत आणि बेटावर स्वतःचा विमानतळ आहे. फांगानवर सरकारी रुग्णालय व दवाखाने आहेत, किरकोळ दुखण्याला ते पुरेसे आहेत, परंतु गंभीर रुग्णाला बोटीने समुईला किंवा मुख्य भूमीवर न्यावे लागते. ज्यांना मधुमेह, हृदयविकार, दमा असे काही जुने दुखणे आहे किंवा ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांनी केवळ या एका कारणासाठी समुई निवडावे असे मी आग्रहाने सांगेन. आजारी पडल्यावर सोबत कुणी नसते, आणि अशा वेळी एक बोट कमी बदलावी लागणे ही मोठी गोष्ट असते.

ऋतू: दिवाळीच्या सुट्टीचा घोटाळा

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. सह्याद्रीच्या पूर्वेला जसा पाऊस कमी पडतो, तसे जून ते सप्टेंबरच्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून थायलंडच्या द्वीपकल्पातील डोंगर आखाताच्या बाजूला बराच आडोसा देतात. या काळात फुकेतकडच्या अंदमान समुद्रात लाटा उसळत असतात, कोकणात बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि समुई-फांगानवर मात्र अधूनमधून सर येऊन पुन्हा ऊन पडते. याउलट ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वारे आखातावरून बाष्प घेऊन येतात आणि नोव्हेंबरमध्ये तिथे सर्वाधिक पाऊस होतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला जोडून महिनाभराचा बेत आखला, तर नेमका सर्वांत वाईट काळ पदरात पडतो: रस्त्यांवर पाणी, समुद्र गढूळ, आणि खवळलेल्या दिवशी बोटीही बंद. नोव्हेंबरमध्येच जायचे असेल तर दोन्ही बेटे सोडून फुकेतच्या बाजूला जावे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ आखातात सर्वांत चांगला असतो, पण गर्दी आणि भाडेही तेव्हाच चढते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचा विचार अवश्य करावा. या महिन्यांत दिवसा पाणी बरेच उतरते. फांगानच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांवर, विशेषतः बान ताई आणि थोंग साला यांच्या आसपास, दूरपर्यंत चालत गेले तरी पाणी गुडघ्याला लागत नाही, आणि पायाखाली प्रवाळाचे तुकडे येतात. समुईवर बांगराक आणि चावेंगचे उत्तर टोक असेच उथळ होते. रोज पोहण्यासाठीच जायचे असेल, तर या काळात समुईवर मध्य चावेंग, लमाई किंवा मेनाम, आणि फांगानवर पूर्वेचे थोंग नाई पान हे किनारे निवडावेत. दोन्ही बेटांच्या पाण्यात डंख करणारे बॉक्स जेलीफिश आढळले आहेत आणि अनेक किनाऱ्यांवर त्यासाठी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. आपल्या किनाऱ्यावर ती बाटली कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे आणि डंख झाल्यास जागा न चोळता त्यावर व्हिनेगर ओतून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

सोबत आणि एकांत

समुईवर येणारे बरेचसे पर्यटक जोडप्याने किंवा कुटुंबासह, काही दिवसांसाठी येतात. चावेंगच्या गर्दीत एकटा माणूस सुरक्षित असतो, पण ओळखी होत नाहीत. आज शेजारच्या टेबलावर बसलेले लोक परवा निघून गेलेले असतात. बोपुटच्या जुन्या कोळीवाड्यात शुक्रवारी संध्याकाळी बाजार भरतो, मेनाममध्ये पुष्कळ दिवस राहणारे वयस्कर परदेशी लोक आहेत, आणि तिथे महिनाभर त्याच खानावळीत जेवले की मालकीणबाई नावाने हाक मारू लागतात. तरीही समुईवर मैत्री आपणहून शोधावी लागते.

फांगानचा पश्चिम किनारा, विशेषतः श्री थानूचा परिसर, याच्या अगदी उलट आहे. तिथे योग, ध्यान, नृत्य, शाकाहारी उपाहारगृहे आणि लॅपटॉपवर काम करणाऱ्यांच्या सामायिक जागा यांभोवती एक वस्ती तयार झाली आहे, आणि तीत महिनोन्महिने राहणारे, एकटे आलेले लोकच अधिक आहेत. पहिल्या आठवड्यातच जेवायला बोलावणी येऊ लागतात. यात मला एक उणीवही दिसते. ही वस्ती बरीचशी पाश्चात्त्य आहे, तिचा स्थानिक थाई लोकांशी संबंध बेताचा आहे, आणि योगाच्या नावाखाली चालणारे सगळेच वर्ग आपल्याकडच्या साधकाला पटतील असे नाहीत. शिक्षकाची पार्श्वभूमी विचारूनच महिन्याचे शुल्क भरावे.

हाद रिनचा प्रश्न वेगळा आहे. फांगानच्या या आग्नेय टोकावर दर पौर्णिमेला रात्रभर जी मेजवानी (फुल मून पार्टी) चालते, तिच्यामुळे सगळ्या बेटाची कीर्ती आणि अपकीर्ती झाली. पौर्णिमेच्या आसपास खोल्यांचे दर वाढतात, काही ठिकाणी ठरावीक रात्रींची सक्ती असते, आणि बोटी भरून जातात. आपल्या दिनदर्शिकेत पौर्णिमा पाहून बेत आखता येतो. फक्त बौद्ध धर्मीयांच्या पवित्र पौर्णिमांना, जसे वैशाखात, ही मेजवानी सहसा एक दिवस इकडे-तिकडे सरकते. शांतपणे राहायला आलेल्याने त्या चार दिवसांत हाद रिन, बान ताई टाळावे. उत्तर किनाऱ्यावर तिचा त्रास पोहोचत नाही. एकट्या स्त्रीने त्या रात्री जायचे ठरवलेच, तर आपले पेय नजरेआड होऊ देऊ नये, परतीची बोट वा गाडी आधी ठरवावी आणि अंधारात पोहायला उतरू नये. एरवी दोन्ही बेटांवर एकट्या स्त्रिया मोठ्या संख्येने राहतात आणि दिवसा निर्धास्त फिरतात. काळजी घ्यावी लागते ती उशिरा रात्री, निर्जन रस्त्यावर.

खाणे आणि खोली

शाकाहारी वाचकांना फांगान सोपे जाते. साध्या थाई भाजीतही माशाचा सॉस किंवा कालवांचा सॉस असतो, म्हणून केवळ ‘मांस नको’ सांगणे पुरत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दिसले, तर तिथे मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. श्री थानूला असे पर्याय पावलोपावली आहेत. समुईवर चावेंग-लमाईला भारतीय उपाहारगृहे आहेत, पण रोजच्या जेवणासाठी ती महाग पडतात. लहान स्वयंपाकघर असलेली खोली घेणे हाच खरा उपाय आहे. तांदूळ, मूग, नारळ, कोथिंबीर, मिरची, आले आणि गवती चहा दोन्ही बेटांच्या बाजारात सहज मिळतात, आणि खिचडीसाठी याहून अधिक काही लागत नाही.

खोली मात्र घरबसल्या महिन्याभरासाठी आरक्षित करू नये. पहिले चार-पाच दिवस कुठेतरी साधी खोली घ्यावी, परिसर पायी हिंडावा, आणि मग मालकाशी समोरासमोर बोलून महिन्याचा दर ठरवावा. तो ऑनलाइन दरापेक्षा बहुधा कमी असतो. वीज बहुतेकदा वेगळी आकारली जाते आणि घरमालक युनिटमागे सरकारी दरापेक्षा अधिक घेतात, म्हणून वातानुकूलन दिवसरात्र चालवणाऱ्याने दर आधी विचारावा व मीटरचा आकडा टिपून ठेवावा. समुईवर २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याची तीव्र टंचाई झाली होती, त्यामुळे मार्च ते मे दरम्यान जाताना घराला साठवणटाकी किती मोठी आहे हेही विचारलेले बरे.

पोहोचणे, काम आणि कागदपत्रे

बँकॉकहून समुईचे विमान तासाभराचे आहे, पण हा विमानतळ बँकॉक एअरवेज या कंपनीच्या मालकीचा असल्याने स्पर्धा कमी आणि तिकीट महाग असते. फांगानला विमानतळच नाही. स्वस्त मार्ग असा: बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून रात्रीची शयनयान गाडी पकडून सूरत थानी, तिथून बसने दोनसाक बंदर, आणि पुढे बोट. समुईला बोटीने साधारण दीड तास, फांगानला अडीच तास लागतात. (या प्रांताचे नाव गुजरातमधील सुरतेवरून ठेवले आहे आणि तिथल्या नदीचे नावही तापीच आहे, हे खानदेशातून जाणाऱ्याला ऐकून बरे वाटेल.)

भारतातील कार्यालयासाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना तिथली घड्याळे अनुकूल आहेत, कारण थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. आपले दहाचे कार्यालय तिथे साडेअकराला सुरू होते आणि सगळी सकाळ पोहायला मोकळी मिळते. इंटरनेट दोन्ही बेटांवर चांगले आहे. अशा कामासाठी २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही हा पाच वर्षे मुदतीचा व्हिसा योग्य आहे. त्यात एका प्रवेशावर १८० दिवस राहता येते आणि ५,००,००० बातची (बात हे थाई चलन) शिल्लक दाखवावी लागते. निव्वळ पर्यटनासाठी भारतीयांना जुलै २०२४ पासून व्हिसाशिवाय ६० दिवसांची सवलत मिळाली, परंतु हे नियम वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती पाहावी. मे २०२५ पासून आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. मुक्काम वाढवायचा असल्यास परदेशी पाहुण्याची नोंद घरमालकाने इमिग्रेशन कार्यालयात केलेली असावी लागते, म्हणून खोली ठरवतानाच ही नोंद करून देणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. परवानगीपेक्षा अधिक राहिल्यास दिवसाला ५०० बात दंड आहे.