आडगावच्या प्लॉटवरची बुडखे-काढणी: खोदाई चोख, विल्हेवाट कच्ची

आडगाव शिवारात गोडाऊनसाठी सपाट होणाऱ्या प्लॉटवर बाभूळ, सुबाभूळ आणि बांधावरची निलगिरी होती. त्यांचे बुडखे काढणाऱ्या स्थानिक ठेकेदाराच्या कामाबद्दल हे लिहितोय. वीस टनी पोकलेन, जेसीबी, बुडखा जागेवरच किसून भुसा करणारा ग्राइंडर आणि डंपर एवढा त्याचा ताफा.

महापालिका हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तिची प्रत हातात आल्याशिवाय त्याने मशीन हलवलं नाही, हे बरं वाटलं. झाडं तोडतानाही खोड जमिनीलगत न कापता तीन-चार फूट ठेवायला सांगितलं. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. लगत कापलेल्या बुडख्याला बकेटने रेटायला काही उरतच नाही, मग सगळी मुळं उकरत बसावं लागतं आणि मशीनचे तास वाढत जातात. इथे ऑपरेटरने तीन बाजूंनी चर मारले, आडवी मुळं बकेटच्या दातांनी तोडली आणि चौथ्या बाजूने खोडाला वरून रेटा दिला. सोटमूळ कडकन तुटलं. मग बुडखा उचलून दोन-तीनदा आपटून माती झाडली. काळी माती तशीच राहिली तर डंपर मातीनेच भरतो आणि वीटभट्टीवाला असला माल घेत नाही.

कामाची वेळही नेमकी निवडली. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मशीन रुततं, उन्हाळ्यात तीच जमीन दगड होते. पाऊस सरून वाफसा आला, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली, की मुळं सहज सुटतात.

कंपाउंड आणि पाण्याच्या लाइनशेजारी ग्राइंडर लावला. तिथे तो योग्यच, कारण खोदलं तर भिंत हलते. तो साधारण आठ-दहा इंच खाली जातो. मुळांत अडकलेला दगड लागला की कार्बाइडचे दात बोथट होतात, म्हणून आधी कुदळीने बुंध्याभोवतीचं मोकळं करून घ्यावं. पण फ्लोअरिंगखाली ग्राइंडर अजिबात नको. खालचं लाकूड कुजतं, पोकळी होते आणि स्लॅब बसतो. निलगिरी आणि सुबाभूळ तर उरलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटतात.

खड्डे भरताना मात्र घोळ झाला. निघालेली काळी मातीच, त्यात मुळांचे तुकडे आणि भुसा, एका दमात लोटून वरून बकेटने थापली. काळी माती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर फ्लोअरिंग टिकत नाही. ते सगळं उकरून मुरूम भरायला लावला: सहा ते आठ इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. खोलातल्या खड्ड्यात रोलर उतरत नाही, तिथे कॉम्पॅक्टर वापरायचा.

खरी नाराजी विल्हेवाटीवर. कोटेशनमध्ये ‘विल्हेवाटीसह’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन बुडखे गाडायला सुरुवात केली. तिथे वाळवी लागते, जमीन खचते आणि पुढे फाउंडेशन नेमकं तिथेच आलं तर सगळं पुन्हा उपसावं लागतं. हटकल्यावर ‘पेटवून देतो’ म्हणाले. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली; साधा दंड 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. बाभळीचे बुडखे फोडून, वाळवून वीटभट्टीला जातात. बाकीचे श्रेडरमधून काढून ब्रिकेटवाल्यांना (भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्यांना) देता येतात, पण माती-दगड नसेल तरच. ग्राइंडरचा भुसा कुणी द्राक्षबागेत मातीत मिसळायला मागितला तर देऊ नये. ताजा भुसा कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो. वर आच्छादन म्हणून चालेल, तेही निलगिरीचा वगळून.

खोदाईसाठी या ठेकेदाराला बेलाशक बोलवा. मात्र वर्क ऑर्डरमध्ये मुरमाचे थर, माल कुठे जाणार ती जागा आणि मशीनच्या तासांच्या मीटर रीडिंगवर दोघांच्या सह्या हे लिहून घ्या, आणि वजनकाट्याच्या पावत्या हातात येईपर्यंत शेवटचं बिल काढू नका.