सांगली-आग्रा ग्रुप टूर : जेवण एक नंबर, पण फतेहपूर सिक्री नुसती उरकली

कंपनीचं नाव घेत नाही, सांगलीतनं अशा टूर निघत असतात त्यातलीच एक. मिरजेतनं गोवा एक्सप्रेसनं थेट आग्रा कॅन्ट, पुण्यात गाडी बदलायची कटकट नाही, हॉटेल स्वच्छ, आचारी आपल्याकडचा त्यामुळं आग्र्यात पण झुणका-भाकरी, आईवडलांना घेऊन जाणाऱ्याला हे लय मोठं असतंय. इथवर पैसे वसूल.

तक्रार आहे ती सिक्रीची. आग्र्यापासून ३७ किमी पण सकाळी ताज, मग किल्ला, मग संगमरवराच्या दुकानात तासभर (कमिशन असणारच, दुसरं काय) आणि सिक्रीला नेलं ते ऊन कलल्यावर. त्यात पण आधी बुलंद दरवाजा. आता दरवाजा भारीच आहे, पायऱ्यांसकट ५४ मीटर, अकबराच्या गुजरात विजयाचा, मान मोडते बघताना. आत सलीम चिश्तींचा पांढराशुभ्र दर्गा, जाळीचं काम बघून डोळे फिरतात. पण तिथं चादर घ्या, धागा बांधा करत गाईडनं वेळ घालवला आणि राजवाड्याच्या भागाला उरला पाऊण तास. ज्यासाठी जायचं ते तिथंच आहे ओ!

१५७१ पासून अकबरानं हे अख्खं शहर उभं केलं, तिथल्याच डोंगराचा लाल दगड काढून. आणि मुघल म्हटल्यावर आपल्या डोक्यात कमानी-घुमट असतात ना, राजवाड्यात बघाल तर बहुतेक सगळं खांब, तुळई, त्यावर सपाट छत आणि बाहेर काढलेलं छज्जं, आपल्या जुन्या वाड्यातलं लाकूडकाम जसंच्या तसं दगडात केल्यागत. गुजरात-राजस्थानची पद्धत आहे ती. दिवाण-ए-खास बाहेरनं दुमजली दिसतंय, आत गेलं की एकच दालन, मधोमध एक खांब, वर फुलत गेलेले ३६ नक्षीदार घोडे (म्हणजे वरचा भार पेलणारे दगडी ब्रॅकेट), त्यावर गोल कट्टा आणि कट्ट्यापासून चारी कोपऱ्यांना दगडी पूल. मी तिथनं हलायलाच तयार नव्हतो, मॅनेजर शिट्टी मारतोय. पंचमहालचे १७६ खांब, खाली ८४ मग ५६, २०, १२ आणि सगळ्यात वर फक्त ४, वारा खेळता राहावा म्हणून भिंतीच नाहीत. वर सोडत नाहीत, खालनंच बघायचं. जोधाबाई महालाच्या छतावरच्या निळ्या फरशा तर आमच्यातल्या निम्म्यांनी बघितल्याच नाहीत.

गाईड म्हणजे टेपरेकॉर्डर. पाणी संपलं म्हणून शहर सोडलं, एवढंच. अहो १५८५ ला अकबर वायव्येकडच्या भानगडीमुळं लाहोरला गेला, ते पण सांगा की. आणि "बिरबलाचं घर" म्हणून दाखवलेली इमारत जनानखान्याच्या भागात कशी, विचारलं तर हसून पुढं गेला.

एकूण पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन आचाऱ्याला. बुक करणार असाल तर सिक्रीला सकाळचा अर्धा दिवस देणार का ते लिहून घ्या, शुक्रवारी ताज बंद असतोय तो दिवस सिक्रीला सहज बसतोय, आम्ही शुक्रवारी आग्र्यातच होतो आणि यांनी मथुरेला शॉपिंगला नेलं. उन्हाळ्यातली बॅच तर नकोच, दगड तापतोय आणि दर्ग्याच्या आवारात चप्पल काढावी लागते.