मोड आलेल्या बार्लीतला अमायलेज आणि इपॉक्सी-अ‍ॅक्टिव्हेटेड सेफॅरोज ६बी

मोड आलेल्या बार्लीच्या अर्कातून अल्फा-अमायलेज (स्टार्च तोडणारा एन्झाइम) कॉलमच्या एकाच पायरीत वेगळा काढायचा, तर इपॉक्सी-अ‍ॅक्टिव्हेटेड सेफॅरोज ६बी या रेझिनवर (रेणू जोडून घेणारे बारीक मणी) बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (अमायलेजला धरणारी वलयाकार साखर) बसवून ते मणी भरलेली नळी, म्हणजे कॉलम, आजही भरवशाचा आहे. १९७६ पासून ही पद्धत वापरात आहे. पण एएमवाय१ आणि एएमवाय२ हे बार्लीच्या अल्फा-अमायलेजचे दोन प्रकार तो एकमेकांपासून सोडवत नाही, दोन्हींना धरून ठेवतो. त्या अपेक्षेने रेझिन घेऊ नका.

पावडर कोरडी येते आणि १ ग्रॅम फुगून साधारण ३.५ मिलि होते. ग्रॅममागे २०० मिलि पाण्याने तासभर धुवायची. सायक्लोडेक्स्ट्रिन ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून ४० अंशांवर रात्रभर जोडायचं आणि मण्यांवर उरलेले इपॉक्सी गट (जोडणी करणारे रासायनिक हात) १ मोलर इथेनॉलअमाइनने बंद करायचे. मिश्रणात चुंबकी कांडी अजिबात घालू नये. मणी चुरडतात, भुगा तळाशी बसतो आणि कॉलम तुंबतो. बाटली आडवी, हळूहळू फिरत राहिली की पुरे.

कॉलमला नावं ठेवली जातात, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीची असते. मोड आलेल्या दाण्यात स्टार्च फुटून डेक्स्ट्रिनं (स्टार्चचे छोटे तुकडे) सुटलेली असतात आणि एन्झाइम त्यांनाच धरून बसतो. असा कच्चा अर्क चढवला तर एन्झाइम कॉलमला न चिकटता खाली निघून जातो. म्हणून आधी अमोनियम सल्फेटने प्रथिनांचा साका पाडावा, डायलिसिस (पातळ पडद्यातून छोटे रेणू काढून टाकणं) करावं, मगच अर्क चढवावा. खाली आलेल्या द्रवाचा एक थेंब स्टार्च-अगारवर ठेवून थोड्या वेळाने आयोडीन ओता. निळ्यात पांढरं वर्तुळ उमटलं, तर एन्झाइम निसटतोय.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) २० मिलिमोलर अ‍ॅसिटेट, पीएच ५.५, सोबत ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेट नको, कॅल्शियमबरोबर त्याचा गाळ होतो. प्रोटिएज इनहिबिटरच्या (प्रथिनं तोडणारे एन्झाइम रोखणाऱ्या) गोळीत ईडीटीए नाही ना, हे लेबलवर वाचा. ते कॅल्शियम ओढून घेतं आणि अमायलेज मरतो.

एन्झाइम कॉलमवरून सोडवण्यासाठी त्याच बफरमध्ये मिलिमागे ८ मिग्रॅ सायक्लोडेक्स्ट्रिन. हा टप्पा खोलीच्या तापमानालाच करावा, कारण थंडीत सायक्लोडेक्स्ट्रिनची विद्राव्यता बरीच घटते आणि कॉलममध्ये स्फटिक धरू शकतात. नंतरच्या डायलिसिसमध्येही कॅल्शियम हवंच.

बीटा-अमायलेज (अर्कातला स्टार्च तोडणारा दुसरा एन्झाइम) मारायला अर्क ७० अंशांवर १५ मिनिटं तापवण्याची जुनी सवय इथे सोडून द्यावी. उष्णतेपुढे एएमवाय२ टिकतो, एएमवाय१ तितका टिकत नाही. मग एकच प्रकार हाती लागतो आणि बियाण्यात तेवढाच होता असं वाटतं. क्रिया मोजायला डीएनएसपेक्षा (सुटलेली साखर रंगावरून मोजणारी चाचणी) टोक बंद केलेला नायट्रोफिनाइल माल्टोहेप्टाओसाइड (सात ग्लुकोजांची कृत्रिम साखळी) बरा, त्यावर बीटा-अमायलेजचं काही चालत नाही.

दोन प्रकार वेगळे पाहायचे तर आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग (प्रथिनं आपापल्या विद्युत-तटस्थ पीएचवर थांबवून वेगळी करणं). एएमवाय१ पीएच ५ च्या खाली थांबतो, एएमवाय२ सुमारे ६ वर. खात्री हवी असेल तर बार्लीचंच इनहिबिटर प्रथिन पीएच ८ ला घालून पाहा: एएमवाय२ दबतो, एएमवाय१ नाही. तिसराच पट्टा दिसला तर आधी बियांवरच्या बुरशीचा संशय घ्या, तिचाही अमायलेज असतो. भिजवण्याआधी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २० मिनिटं बिया ठेवून नीट धुतल्या की हा घोळ टळतो.

वापर झाला की कॉलम २० टक्के इथेनॉलमध्ये ४ अंशांवर ठेवावा. गोठला तर मणी फुटतात.